शून्याला शून्य

१२ जून, मंगळवार

मी पॅकिंगमध्ये आहे, मोलकरीण नाही! आज साहेबांनी पुन्हा हातात फडकं दिलं. सफाईवाली आजारी, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तपासणीचं टेबल मी पुसायचं. मीच का? तर "बायकांचा हात हलका असतो." हलका! पिनांनी भरलेली खोकी उचलून उचलून कंबर मोडते तेव्हा कुणाला आठवत नाही माझा हलका हात.

तपासणीचं टेबल म्हणजे काटेकोर काकांचं संस्थान. हे नाव आम्ही त्यांना मागून ठेवलेलं. तोंडावर नुसतं काका. सत्तावीस वर्षं एकच काम – दुसऱ्याने केलेल्या वस्तूत खोट काढणं. टेबलाच्या चार हात जवळ गेलं तरी कपाळाला आठ्या. ते जेवायला गेले होते म्हणून बरं. रागारागात पुसलं. इतक्या रागात की त्यांची निळी पेटी कोपराला लागून खाली, आणि आतलं ते लांब चोचीचं हत्यार फरशीवर! उचललं, पदराने पुसलं, परत ठेवलं. तुटलं-बिटलं नाही, होतं तसंच चकचकीत. नाहीतर माझी धडगत नव्हती.

ही वही आत्याने दिली. तिच्या शिवणकामाच्या मापांची, अर्धी कोरी. म्हणाली, "रोज संध्याकाळी माझं डोकं खातेस, त्यापेक्षा कागदाचं खा."

खाते!

१४ जून, गुरुवार

आज पुन्हा फडकं पुढे केलं. मी हात मागे बांधून उभी राहिले. साहेब बघतच राहिले. शेवटी फडकं त्यांच्याच खांद्यावर!

२८ जून, गुरुवार

मिशीवाल्या दादांना काढलं. अकरा वर्षं ते लेथवर, त्या गरगर फिरणाऱ्या यंत्रावर, लोखंड वळून अंगठ्याएवढ्या जाड पिना करत होते. पंधरवड्यात शंभरातल्या चाळीस-चाळीस पिना बाद. काटेकोर काका म्हणतात, "जाड आहेत." दादा म्हणतात, "अहो, गेजमध्ये जातायत की!"

गेज म्हणजे नालेच्या आकाराचं लोखंड, दोन्ही टोकांना खाचा. एका खाचेतून पीन गेली पाहिजे, दुसरीत अडली पाहिजे. लेथवाल्याकडे तेवढंच असतं. आमच्याकडे नियम आहे – वळणाऱ्याने वळायचं, मोजायचं फक्त काकांनी. का, ते कुणालाच माहीत नाही.

गेज झिजलं असेल म्हणून साहेबांनी नवं आणलं. तरी पिना बाद. मग आज सगळ्यांसमोर, "तुमचा हात गेला आता." दादा मिशी चावत उभे राहिले. मग डबा उचलला आणि गेले. कुणी एक शब्द काढला नाही. मीही नाही.

खरं लिहायचं तर – ते फाटकाबाहेर पडायच्या आधी माझ्या डोक्यात आलं, लेथ रिकामा झाला. असं मनात आलं याची लाज वाटली. पण आलं.

२ जुलै, सोमवार

मागितला! सरळ केबिनमध्ये जाऊन. "साहेब, लेथ मला द्या."

साहेब हसले. मी हसले नाही, तेव्हा त्यांचंही थांबलं. म्हणाले, "येतो का?" म्हटलं, येतो. दीड वर्ष सुट्टीत मिशीवाल्या दादांनी शिकवलाय. आधी म्हणायचे, "कशाला हात काळे करतेस?" मग स्वतःच बाजूला सरकून हँडल हातात द्यायचे.

तीन महिने मुदत. एक ऑक्टोबरला हिशेब. शंभरात दहाच्या वर बाद झाल्या तर परत खोक्यांपाशी. "आणि मग पुन्हा हा विषय काढायचा नाही," साहेब.

काढायची वेळच येणार नाही.

१६ जुलै, सोमवार

शंभरातल्या सदतीस बाद.

१७ जुलै, मंगळवार

एकेचाळीस. काका पीन उचलतात, त्या चोचीच्या टोकात धरतात, डोळे बारीक करतात, "जाड" म्हणतात, चिठ्ठी चिकटवतात आणि लाल डब्यात टाकतात. टण्! तो आवाज मला मुद्दाम मोठा केल्यासारखा वाटतो.

बारीक केल्या तर गेजच्या दुसऱ्या खाचेतून सुटतात. जाड ठेवल्या तर काका बाद करतात. मधली जागा आहे कुठे?

म्हटलं, "काका, मला एकदा दाखवा ना, कशी मोजता ते."

"तू वळ. मोजायचं मी बघतो."

"पण किती जाड ते तरी सांगा."

"जाड म्हणजे जाड."

ठीक आहे. मी शिकणार. तुमच्याकडून नाही, पण शिकणार!

२० जुलै, शुक्रवार

स्टोअरवाल्या मावशींना सांगितलं. जाळीच्या खिडकीमागे बसून त्या खिळ्यापासून पट्ट्यापर्यंत सगळं देतात आणि प्रत्येक वस्तूमागे एक टोमणा फुकट. म्हटलं आता मलाही एखादा. पण त्या सरळ आत गेल्या आणि एक चामड्याचं पाकीट घेऊन आल्या. आत व्हर्नियर. काकांच्या त्या चोचीवाल्याचं खरं नाव हे!

"माझा स्वतःचा आहे, कारखान्याचा नाही. तुझ्या वयाची होते तेव्हा घेतला. लेथ मागायला गेले होते मी. साहेबांच्या वडिलांनी ही खिडकी दिली."

पाकिटाचं बटण दोनदा उघडलं, दोनदा लावलं. मग म्हणाल्या, "घरी ने. पण पाडलास तर मला तोंड दाखवू नकोस."

२२ जुलै, रविवार

दिवसभर व्हर्नियर. आत्या शिवणयंत्रावर, मी पायरीवर.

मोठ्या पट्टीवर मिलिमीटर. तिच्यावर एक छोटी पट्टी सरकते, तिच्यावर पन्नास रेघा – पण त्या पन्नास रेघा एकोणपन्नास मिलिमीटरमध्येच दाटीने बसवलेल्या. म्हणून प्रत्येक घर मोठ्या पट्टीवरच्या घरापेक्षा दोन शतांश मिलिमीटरने तोकडं. सगळी गंमत त्या तोकडेपणात आहे! वस्तू जबड्यात धरायची. छोट्या पट्टीचा शून्य मोठ्या पट्टीवर कुठपर्यंत आला ते पाहायचं – तेवढे पुरे मिलिमीटर. मग छोट्या पट्टीवरची कुठली रेघ वरच्या रेघेला नेमकी भिडली ते शोधायचं. तिचा नंबर गुणिले दोन शतांश. दोन्हीची बेरीज.

वाचायला सोपं. करायला घाम फुटला. सगळ्याच रेघा भिडल्यासारख्या दिसतात!

आत्याचं एक बटण मोजलं. नऊ पूर्णांक काहीतरी.

२३ जुलै, सोमवार

तेच बटण मावशींनी मोजलं – अकरा पूर्णांक शेहेचाळीस शतांश. "तुझं नऊ कसं आलं? बटण धुवून आटलं वाटतं!"

मी शून्याच्या रेघेऐवजी छोट्या पट्टीची कडाच धरली होती. जाळीतून हात बाहेर काढून त्यांनी टपली मारली. "कडा म्हणजे पत्रा. रेघ म्हणजे माप. पत्रा वाचू नकोस."

२९ जुलै, रविवार

घरात न मोजलेली वस्तू उरली नाही. चमचा, किल्ली, आत्याचं अंगुस्तान, दाराची कडी. आत्या वैतागली. "इंजिनेरबाई, माझी कात्री द्या! गिऱ्हाईक यायचंय."

म्हटलं, तू अजून दोन बोटं सोडून कापतेस. कुणाची बोटं? तुझी की माझी? बोटाबोटांत तीन मिलिमीटरचा फरक आहे, मोजलाय मी.

"कापड समजूतदार असतं, थोडं ताणून घेतं," ती म्हणाली. "तुझं लोखंड नाही घेत. म्हणून तर तू त्याच्या वाटेला गेलीस." मग कात्री माझ्या हातातून ओढून घेतली.

६ ऑगस्ट, सोमवार

मावशींची शिकवणी जाळीतूनच, दहा-दहा मिनिटं. आज कळलेलं – डोळा रेघेच्या बरोबर समोर हवा. तिरकं पाहिलं की एक रेघ इकडची तिकडे. जबडा आवळायचा नाही, नुसता टेकवायचा. पीन आडवी-तिडवी धरायची नाही. आणि लेथवरून उतरलेली गरम पीन मोजायची नाही, ती फुगलेली असते. एका रेघेने तर नक्कीच! कुणाला खरं वाटेल?

आणि सगळ्यात आधी, दर वेळी, जबडे मिटून पाहायचं. शून्याला शून्य लागलं पाहिजे. "ते लागलं नाही तर पुढचं सगळं खोटं," मावशी. "रोज बघायचं. आपल्याच हत्यारावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही."

म्हटलं, काका बघतात का रोज?

"त्यांना विचार."

मी? त्यांना? काका मला लोखंडाच्या किसाबरोबर झाडून बाहेर टाकतील.

११ ऑगस्ट, शनिवार

मिशीवाले दादा दिसले. दवाखान्याच्या फाटकावर, वॉचमनच्या कपड्यांत. बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. मला वाटलं तोंड फिरवतील, पण त्यांनीच हाक मारली.

"पिना कशा चालल्यायत?"

"छान," मी म्हटलं. धडधडीत खोटं.

खूश झाले. आत जाणाऱ्या एका गाडीसाठी दांडी वर केली, खाली केली. मग हळूच म्हणाले, "खरं सांग. माझा हात खरंच गेला होता का गं? घरी रोज बघतो. कापत तर नाही."

हात पुढे करून दाखवला. नाही कापत. दगडासारखा स्थिर.

 घरी येऊन आत्यावर उगाच ओरडले.

२३ ऑगस्ट, गुरुवार

काकांचं लक्ष नसताना लाल डब्यातल्या माझ्याच तीन पिना उचलल्या. चोरीच म्हणायची तर चोरी! प्रत्येकीला काकांनी चिठ्ठी चिकटवलेली असते, मापासकट, पण ती आम्हाला कधी बघू देत नाहीत. ड्रॉइंगप्रमाणे पीन चोवीस पूर्णांक नव्वद ते पंचवीस, यांच्या मध्ये पाहिजे.

पहिली. काकांची चिठ्ठी – पंचवीस पूर्णांक शून्य दोन. मी मोजली. चोवीस पुरे, अठ्ठेचाळिसावी रेघ. चोवीस पूर्णांक शहाण्णव. चांगली!

दुसरी. काकांची पंचवीस शून्य चार. माझी चोवीस अठ्ठ्याण्णव. चांगली!

तिसरी पुन्हा पहिलीसारखीच.

पाच वेळा मोजल्या. थंड करून, पुसून, डोळा समोर ठेवून. 

२४ ऑगस्ट, शुक्रवार

मावशींना आकडे दाखवले. चष्मा वर सारून त्यांनी वही जवळ धरली.

"दर वेळी तीन रेघा, म्हणजे सहा शतांशांचा फरक," म्हणाल्या. "चूक हाताची असती तर कधी कमी आली असती, कधी जास्त. दर वेळी तेवढीच येते म्हणजे चूक हत्याराची."

"काकांच्या?"

"किंवा माझ्या."

रागच आला. पण बरोबर आहे. माझ्या बाजूने बोलतं म्हणून माझं हत्यार खरं, असं कसं म्हणणार? आता आणखी आकडे गोळा करते. रोज, तारखेसकट, याच वहीत. मला कुणी आगाऊ म्हणून उडवून लावायला नको. कागद बोलेल!

१२ सप्टेंबर, बुधवार

एकोणीस दिवसांचे आकडे. साठ पिना. प्रत्येकीत तीन रेघा. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

शंभरामागे बादचं प्रमाण आता सव्वीसवर आलंय. काका म्हणतात, "हात सुधारतोय." हात सुधारत नाहीये, काका! तुमच्या चुकीच्या मापात बसेल अशी पीन वळायला शिकतेय मी. आणि मला ते शिकायचं नाहीये.

२५ सप्टेंबर, मंगळवार

मावशींना स्टोअरच्या तळाच्या खणात मेणकागदात गुंडाळलेला ठोकळा सापडला. पंचवीस मिलिमीटरचा पक्का. मापं तपासण्यासाठीच असतो तो, सोबत त्याचा दाखलाही आहे. इतकी वर्षं कुणी मागितलाच नाही.

मावशींच्या व्हर्नियरने मोजला. शून्य पंचविसाच्या रेघेवर, एका केसाचाही फरक नाही. पंचवीस.

आमचं खरं आहे! मावशी जाळीमागे नाचल्या. म्हणजे, खुर्चीवर बसूनच.

२७ सप्टेंबर, गुरुवार

आज.

साहेब तपासणीच्या टेबलाशी उभे होते. मी लेथ बंद केला, हात पुसले, गेले. ठोकळा काकांच्या समोर ठेवला.

"हे काय?"

"पंचवीस आहे. दाखला सोबत आहे. मोजा."

काकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "मोजा, मोजा. दोन मिनिटांचं काम."

काकांनी मोजला.  रुमालाने जबडे पुसले, परत मोजला. साहेब वाकले. "पंचवीस शून्य सहा?"

मागून जाळीतून मावशींचा आवाज, "जबडे मिटा आणि खिडकीसमोर धरा."

काकांनी धरला. पूर्ण मिटलेल्या जबड्यांमधून उजेड दिसत होता. धाग्याएवढा. एका जबड्याच्या टोकाला बारीकसा ठोका होता, तिथला धातू वर उठलेला, नखाला लागेल इतकाच.

सगळी यंत्रं थांबली होती. बाकीच्या लेथवरच्या कामाला अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे चालतो, त्यामुळे त्यांना कधी कळलंच नाही. मरण झालं ते पिनांचं. मी वही उघडून साठच्या साठ आकडे वाचून दाखवले. आवाज चढलाच होता, चढू दिला. "मला जाड म्हणालात! दादांना हात गेला म्हणालात! तुमचं शून्यच शून्यावर नाही!"

कुणी मला थांबवलं नाही.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

साहेबांनी काकांना सगळ्यांसमोर विचारलं, रोज शून्य का बघितलं नाही?

"पडल्याशिवाय शून्य हलत नाही," काका म्हणाले. "आणि माझ्या हातून तो कधीच पडलेला नाही. सत्तावीस वर्षांत एकदाही नाही."

"मग हा ठोका काय आपोआप आला?"

"मला माहीत नाही. पण माझ्या हातून पडलेला नाही."

हेच, परत परत. लोक तोंडावर हात ठेवून हसत होते. मीही हसले. समोर ठोका दिसतोय आणि माणूस म्हणतो पडला नाही! पाडला, वरून लपवला आणि आता खोटं बोलतायत. साहेबांचाही पारा चढला. म्हणाले, चूक एक वेळ चालेल, खोटेपणा नाही. सोमवारपासून काका घरी. आणि टेबल – माझं! निळी पेटी, आठ्या, सगळं संस्थान! मुदतीचा दिवसही सोमवारच. कुठे तीन महिन्यांनी खोक्यांपाशी जाणार होते, आणि कुठे हे!

काकांनी खणाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. जाताना माझ्यासमोर थांबले. "चांगलं मोजतेस," एवढंच म्हणाले. मी किल्ल्या उचलल्या. दादा गेले तेव्हा तुम्ही तरी कुठे काय बोललात?

साहेबांना तारीख हवी आहे. नेमका कधी पाडला ते कळलं की काकांचं खोटं कागदावर येईल. बादचं रजिस्टर मीच मागून घेतलं. म्हटलं, मला द्या, मी काढते शोधून. मी सगळं तारखेसकट लिहून ठेवते!

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं तुझं." मग सुईत दोरा ओवता ओवता, "त्या माणसाचं आता कसं?" आत्याला प्रत्येक गोष्टीत दोन बोटं सोडायची सवयच आहे.

२९ सप्टेंबर, शनिवार

रजिस्टर पाहिलं. मे अखेरपर्यंत महिन्याला तीन-चार पिना बाद. बारा जूनला सकाळी एकही नाही. बारा जूनला दुपारी नऊ. तिथून पुढे थांबलंच नाही.

त्या दिवशी कारखान्यात काय झालं होतं ते बघायला ही वही उघडली. पहिलंच पान. निळी पेटी कोपराला लागून खाली. अक्षर माझं.

काकांच्या हातून पडला नव्हता. दादांचा हात गेला नव्हता.

पान फाडलेलं नाही. वही पिशवीत घातली आहे. आधी दवाखान्याच्या फाटकावर, मग काकांकडे. सोमवारी साहेबांसमोर मीच वाचून दाखवणार आहे, परवासारखंच, मोठ्याने.